क्लच हळू सोडायचा, पण नेमका कुठे हळू?

ड्रायव्हिंग स्कूलचे क्लास संपलेत, लायसन्स हातात आलंय, आणि तरीही ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला की गाडी बंद पडते. मागचा रिक्षावाला हॉर्नवरून हात काढत नाही. घाईत पुन्हा सेल्फ मारला की गाडी बेडकासारखी एक उडी मारते आणि परत गप्प. ही कहाणी आमच्या सोसायटीतच मी इतक्या जणींकडून, आणि खासगीत बऱ्याच जणांकडूनही, ऐकली आहे की शेवटी सगळं क्रमाने लिहून काढायचं ठरवलं.

चूक शिकणाऱ्याची कमी आणि शिकण्याच्या क्रमाची जास्त असते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. गाडी बंद पडायला आली की तो आपल्या बाजूचा क्लच हळूच दाबतो. आपल्याला वाटतं, जमलं की! पाय त्याचा असतो. शिवाय पहिल्याच दिवशी क्लच, रेस, स्टिअरिंग आणि रस्ता असं सगळं एकदम अंगावर येतं, त्यात डावा पाय कधी शिकतच नाही.

वर "हळू सोड, हळू सोड" ही अर्धवट सूचना आहेच. क्लचचा सगळा प्रवास हळू करायचा नसतो. पेडल खालपासून वरपर्यंत जेमतेम वीतभर हलतं, आणि त्यातला दीड-दोन बोटांचा पट्टाच महत्त्वाचा असतो. हळू व्हायचं ते तिथे. बाकीचा प्रवास आरामात, भराभर केला तरी काही बिघडत नाही.

आत काय होतं, गरजेपुरतं

गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असतं आणि चाकं शून्यावर असतात. क्लच दाबलेला असतो तेव्हा या दोघांचा संबंध तुटलेला असतो. सोडायला लागलात की चाकांच्या बाजूची क्लच प्लेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, घासत घासत वेग पकडते. दोघांचा वेग जुळेपर्यंत हे घासणं चालतं. यालाच हाफ क्लच म्हणतात आणि जिथे ते सुरू होतं तो बाइटिंग पॉइंट.

रेस न देता पहिल्या गियरमध्ये गाडी ताशी ६-७ किलोमीटरने सरकते. म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग आला की प्लेट आणि फ्लायव्हील जुळले, क्लच पूर्ण सोडायला हरकत नाही. त्याआधी सोडलात तर मंद फिरणारी चाकं इंजिनाला ओढून बंद पाडतात. हा ६-७ चा आकडा लक्षात ठेवा, तिसऱ्या टप्प्यात तोच लागणार आहे.

आधी तयारी

जागा सपाट, सरळ आणि रिकामी हवी. शंभर-दीडशे मीटर पुरेत. नवी मुंबईत खारघरच्या आतल्या सेक्टरमधले किंवा उलव्यातले रुंद रस्ते रविवारी सकाळी सहा ते साडेसात चांगले. ठाण्यात एवढी मोकळी जागा शोधायला जरा फिरावं लागतं. सोसायटीच्या मागचा, पुढे कुठेच न जाणारा रस्ता मिळाला तर सोनं. नवी मुंबईच्या पामबीच रोडवर शिकायला जाऊ नका. रस्ता रिकामा दिसतो, पण मागून येणाऱ्या गाडीचा वेग नवशिक्याला समजत नाही. येऊरही नको. अरुंद वळणं, चढ, आणि सकाळी तिथे गाड्यांपेक्षा चालणारी माणसंच जास्त.

जागा खरंच सपाट आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका. गाडी न्यूट्रलला टाका, ब्रेक सोडा. गाडी कुठेच गेली नाही तर सपाट. थोडा उतार असला तर तिसऱ्या टप्प्यात तुम्हाला खोटं यश मिळेल आणि दुसऱ्या दिवशी तेच जमेनासं होईल.

कागदपत्रं: लर्निंग लायसन्स असेल तर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस बसवा. हँडब्रेक दोन सीटच्या मधे असेल तर तो त्यांच्या हातात राहू द्या. बोलण्यावर मात्र ताबा असलेलं माणूस निवडा. माझ्या अनुभवात नवरा किंवा वडील शक्यतो टाळलेले बरे. मामा, मोठी बहीण, शेजारच्या काकू चालतील.

सीट ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. पाठ पूर्ण टेकवून क्लच तळापर्यंत दाबा. गुडघा तेव्हाही थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल किंवा कंबर पुढे सरकत असेल तर सीट लांब आहे. घरात एकच गाडी आणि दोन उंचीची माणसं असली की हमखास हेच होतं. सीट दुसऱ्याच्या मापाची आणि पाय आपला. प्रत्येक वेळी बसल्यावर आधी सीट, मग आरसे.

पायात पातळ, सपाट तळाचा, मागून बंद बूट घाला. स्लिपर पेडलखाली अडकते, कोल्हापुरीचा तळ पेडलवर घसरतो, जाड स्पोर्ट्स शूजमधून पायाला काही कळत नाही. पावसात बसण्याआधी तळवा मॅटवर घासून कोरडा करा. आणि मॅटवर मॅट टाकलेली असेल तर वरची काढा. पुढे सरकून ती क्लचखाली गेली की पेडल पूर्ण दाबलं जात नाही.

एसी बंद, गाणी बंद, काच अर्धी खाली. पहिले काही दिवस क्लच कानाने शिकायचा आहे.

टप्पा १ : इंजिन बंद, फक्त पाय

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पंजाच्या फुगीर भागाने क्लच एका दमात तळापर्यंत दाबा. दाबण्यात हळूपणा नको. आता सोडताना टाच जमिनीला टेकवा आणि घोट्यातून पंजा वर येऊ द्या. टाच हवेत ठेवून सबंध मांडी उचलत सोडलं की दोन बोटांचं अंतर सांभाळणं अशक्य होतं. पाय मोठ्या हालचाली करतो, घोटा बारीक करतो. लहान पावलांना तळापर्यंत दाबताना टाच उचलावी लागते. हरकत नाही, दाबून झालं की टेकवा.

सोडण्याची लय अशी: वर, थांब, वर. मधला 'थांब' दोन सेकंदांचा. असं तीस वेळा. प्रत्येक वेळी शेवटी पाय क्लचवरून काढून डावीकडच्या फूटरेस्टवर ठेवा, तोही सरावाचाच भाग आहे.

तपासणी: दहा मिनिटांनी पोटरी दुखत असेल तर ठीक. कंबर किंवा मांडी दुखत असेल तर सीटकडे परत जा.

टप्पा २ : बाइटिंग पॉइंट शोधणे

इंजिन सुरू करा. हँडब्रेक ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर घट्ट. क्लच पूर्ण दाबून पहिला गियर टाका. आता क्लच सोडत या आणि तीन गोष्टींची वाट बघा: इंजिनाचा आवाज जड होतो, आरपीएमची (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारी) सुई जराशी खाली येते, स्टिअरिंगमध्ये किंवा सीटखाली बारीक थरथर जाणवते. जाणवली की पाय तिथेच. मनात एक-दोन म्हणा आणि क्लच परत तळाला.

असं दहा-बारा वेळा करा, पण प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त तिथे राहू नका आणि मधे थोडं थांबा. ब्रेकवर उभ्या गाडीत प्लेट घासली जाते, तापते.

पहिले चार-पाच वेळा सुईकडे बघा. मग बघणं सोडा. रस्त्यावर सुईकडे बघायला वेळ नसतो. डिझेल गाडीत आवाज फारसा बदलत नाही पण थरथर स्पष्ट येते. छोट्या पेट्रोल गाडीत उलट, थरथर अगदी नाजूक आणि आवाज बोलका. सीएनजी गाडी असेल तर पहिले दोन दिवस पेट्रोलवर सराव करा. सीएनजीवर ताकद थोडी कमी पडते आणि गाडी लवकर बंद पडते. नवशिक्याला वाटतं आपलंच चुकलं.

तपासणी: सुई न बघता दहापैकी आठ वेळा गाडी बंद न पाडता पॉइंटवर थांबता आलं पाहिजे. आलं नाही तर पुढे जाऊ नका. उद्या पुन्हा हाच टप्पा.

टप्पा ३ : रेस न देता गाडी सरकवणे

या लेखातलं एवढंच केलंत तरी निम्मं काम झालं. बहुतेक जण हा टप्पा गाळतात, कारण शिकवणारा म्हणतो, "रेस दे, नाहीतर बंद पडेल." सपाटीवर बंद पडत नाही. आजच्या गाड्यांचं इंजिन क्लचचा भार येताच स्वतःहून थोडं इंधन वाढवतं आणि गाडी नुसत्या क्लचवर सरकते. पायाला तेवढी उसंत द्यायला हवी, बस.

क्रम असा:

१. ब्रेक दाबलेला, क्लच तळाला, पहिला गियर, हँडब्रेक खाली.

२. क्लच बाइटिंग पॉइंटपर्यंत आणा. आवाज जड झाला की थांबा.

३. ब्रेकवरचा पाय उचला, पण ब्रेकच्या वरच तरंगता ठेवा. गाडी हलायला लागेल.

४. डावा पाय जिथे आहे तिथेच. हलवू नका. गाडी ६-७ चा वेग पकडेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात.

५. आता उरलेला क्लच सावकाश सोडा, पाय फूटरेस्टवर.

६. दहा-पंधरा मीटरवर क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा.

चौथी ओळ पुन्हा वाचा. गाडी बंद पडण्याची दहातली आठ प्रकरणं तिथलीच. गाडी हलली की आनंदाने किंवा दचकून डावा पाय सुटतो. आपल्याला वाटतं, हलली म्हणजे झालं. पण गाडी हलली म्हणजे प्लेटने नुकतं घासायला घेतलंय. वेग जुळलेला नाही. माझी भाची तर गाडी हलली की "चालली!" असं ओरडायची आणि त्याच क्षणी ती बंद पडायची. तिला सांगितलं, ओरडायचंच असेल तर स्पीडोमीटर ७ दाखवेल तेव्हा ओरड. त्या सकाळीच फरक पडला.

हे तीस-चाळीस वेळा करायचं आहे. कंटाळा येईल. पाच-सहा वेळा झालं की एक-दोन मिनिटं न्यूट्रलला उभं राहा, क्लचलाही विश्रांती मिळते.

जमल्यावर याचाच पुढचा भाग: मुंगीच्या चालीने जाणं. क्लच पूर्ण न सोडता त्या दीड-दोन बोटांच्या पट्ट्यात पाय किंचित खाली नेला की गाडी मंदावते, किंचित वर आणला की पुढे येते. दहा मीटर अंतर वीस सेकंदांत पार करायचं. पार्किंगमध्ये खांबाशेजारून गाडी काढताना हेच लागतं. दोन-तीन वेळा करा आणि थांबा. हा प्लेटवर ताण देणारा सराव आहे.

तपासणी: कपहोल्डरमध्ये स्टीलचा पेला अर्धा भरून ठेवा. निघताना आणि थांबताना पाणी हिंदकळलं तरी चालेल, सांडता कामा नये. लागोपाठ दहा वेळा.

टप्पा ४ : आता रेस

दोन पायांचा झोपाळा करायला सांगतात, डावा वर तसा उजवा खाली. सवय झाल्यावर ते आपोआप तसंच होतं, पण शिकताना या सूचनेने उजवा पाय रेस पंपासारखी मारत राहतो. त्यापेक्षा उजवा पाय आधी आणि स्थिर.

रेस हलकी द्या, सुई १,२०० ते १,५०० च्या दरम्यान. आवाज भरलेला हवा, ओरडणारा नको. तो धरून ठेवा. मग क्लच पॉइंटवर आणा. सुई खाली यायला लागेल, तेवढीच भर रेसमध्ये घाला. एक-दीड सेकंद थांबा, गाडीने वेग घेतला की क्लच पूर्ण सोडा आणि मगच रेस वाढवा.

इंजिन गुरगुरतंय आणि गाडी जागची हलत नाही: क्लच अजून खाली आहे आणि रेस जास्त. घाबरून क्लच सोडू नका. आधी रेस कमी करा. जास्त रेसवर क्लच सुटला की गाडी समोरच्या बंपरपर्यंत थेट जाते.

टप्पा ५ : वरचे गियर

यात पहिल्या चार टप्प्यांइतकं अवघड काही नाही. साधारण १५ ला दुसरा, ३० ला तिसरा, ४५ च्या आसपास चौथा. डिझेलला थोडे आधी. रेसवरचा पाय उचलणं आणि क्लच दाबणं एकाच वेळी. गियर बदला, लिव्हरकडे न बघता. क्लच पॉइंटपर्यंत पटकन, तिथे अर्धा सेकंद, मग पूर्ण, मग रेस.

गियर टाकताना इंजिन गरजलं तर रेस सोडायला उशीर झाला. गियर पडल्यावर मान पुढे झुकली तर गियर बदलण्यात फार वेळ गेला, इंजिन मंदावलं आणि क्लच धाडकन सुटला.

खालचा गियर टाकताना उलटा विचार करा. तिथे इंजिनाला वेग वाढवावा लागतो, म्हणून पॉइंटवर जास्त थांबायचं. आणि वेग आधी ब्रेकने कमी करायचा. तिसऱ्यात ४० ने जात असताना दुसरा टाकून गाडी थांबवायला जाऊ नका. वळणावर, सोसायटीच्या गेटसमोरच्या स्पीडब्रेकरवर आधी ब्रेक, १५-२० वर आल्यावर दुसरा, क्लच पूर्ण सोडलेला, मग ओलांडणं. स्पीडब्रेकर तिसऱ्यात हाफ क्लच धरून ओलांडण्याची कला आपल्याकडे घरोघरी आहे. ती शिकू नका.

टप्पा ६ : थांबणे, म्हणजे क्रम

थांबायचं म्हटलं की नवशिक्याचा डावा पाय आधी जातो. बंद पडण्याची भीती. पण क्लच दाबला की इंजिनाचा अडसर सुटतो आणि गाडी मोकळी पळते, सगळा भार ब्रेकवर येतो. उतारावर तर हे धोक्याचंच.

आधी ब्रेक. सुई हजाराच्या आसपास आली की क्लच. पहिल्यात ७-८, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात २० च्या जवळ हा क्षण येतो. तोपर्यंत इंजिनच तुमची गाडी आवरत असतं.

अचानक कोणी आडवं आलं तर क्रम विसरा आणि ब्रेक पूर्ण दाबा. क्लच दाबला गेला तर उत्तम, नाही गेला तर गाडी बंद पडेल एवढंच.

टप्पा ७ : घोडबंदर रोड, संध्याकाळी सात

खरी परीक्षा ही. गाडी दोन हात पुढे, थांब, परत दोन हात. प्रत्येक दोन हातांसाठी हाफ क्लच केला तर कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत पायाचा आणि प्लेटचा दोघांचाही जीव जातो.

पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून राहू नका. ती सरकली तरी लगेच सरकू नका. गाडीभर, दीड गाडीभर जागा होऊ द्या. मग पहिला गियर, टप्पा ३ प्रमाणे क्लच पूर्ण सोडा आणि रेस न देता सरकत राहा. पोचलात की क्लच, ब्रेक. सगळा ट्रॅफिक १०-१२ ने वाहत असेल तर दुसऱ्यात नुसत्या इंजिनावर गाडी चालते, पायांना कामच नाही. त्या जागेत एखादी रिक्षा घुसेल. घुसू द्या. रिक्षाशी स्पर्धा करून ठाण्यात कोणी वेळेवर पोचलेलं नाही.

पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं दिसत असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक आणि दोन्ही पाय मोकळे. तीन हात नाक्यावर पूर्ण सिग्नलभर पहिल्या गियरमध्ये क्लच दाबून उभं राहणारे असंख्य दिसतात. त्यात क्लचचा रिलीज बेअरिंग झिजतो, आणि दुसरं म्हणजे नेमक्या हिरव्या दिव्याला दमलेला पाय थरथरतो. बंद पडण्याचं ते एक छुपं कारण आहे. सिग्नलवर सेकंदांचा आकडा असेल तर पाच सेकंद उरले की पहिला गियर टाका. नसेल तर आडव्या दिशेचा ट्रॅफिक थांबायला लागला की टाका.

काही नव्या गाड्यांत न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद होतं. तो बिघाड नाही, क्लच दाबला की पुन्हा सुरू होतं. शिकेपर्यंत ती सोय बटण दाबून बंद ठेवा. "मी बंद पाडली की तिनेच पाडली" हा गोंधळ नको.

टप्पा ८ : चढ

सरावाला सौम्य चढ घ्या. बेलापूरच्या पारसिक हिलवर खालच्या भागात सकाळी लवकर जागा मिळते. वर चढत गेलात तर चढ तीव्र होतो, तो नंतर. सोसायटीच्या पोडियमचा रॅम्प पहिल्या दिवशी नको. दोन्ही बाजूंना भिंत, आणि मागून कोण येतंय ते दिसत नाही. उड्डाणपूल तर सरावाची जागाच नाही.

१. ब्रेकने थांबा, हँडब्रेक पूर्ण ओढा. मगच ब्रेक सोडा. गाडी मागे सरकली तर हँडब्रेक नीट ओढलेला नाही, किंवा तो सैल झाला आहे.

२. पहिला गियर. रेस सपाटीपेक्षा जास्त, १,५०० ते १,८००. तीव्र चढाला २,००० पर्यंत.

३. क्लच पॉइंटवर आणा. इथे खूण वेगळी मिळते: बोनेट किंचित वर उचललं जातं, गाडी मागच्या चाकांवर बसल्यासारखी वाटते. ती पुढे जायला बघतेय आणि हँडब्रेकने धरलेली आहे.

४. दोन्ही पाय तसेच ठेवून हँडब्रेक खाली. गाडी जागेवर राहील किंवा सावकाश पुढे जाईल.

५. रेस थोडी वाढवा, क्लच सावकाश सोडा. सपाटीपेक्षा सेकंदभर जास्त लागतो.

हँडब्रेक सोडल्यावर गाडी मागे आली तर रेस दाबू नका आणि क्लच सोडू नका. ब्रेक दाबा, क्लच तळाला, हँडब्रेक ओढा, पहिल्यापासून. मागे येणारी गाडी रेसने थोपवायला जाणं हीच चढावरची सर्वांत महाग चूक.

हिल होल्ड असलेल्या गाड्यांत ब्रेक सोडल्यावर गाडी साधारण दोन सेकंद धरून ठेवली जाते. तेवढ्यात पॉइंट सापडला पाहिजे. तरीही हँडब्रेकची पद्धत आधी शिका. दुसऱ्या गाडीत ही सोय नसेल.

आणि चढावर थांबलेलं असताना गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नका. हे मी अधिकाराने सांगते. गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अर्धा तास मी तेच करत होते, आपल्याला किती छान जमतं या खुशीत. मग जळका, रबर करपल्यासारखा वास आला. मी तो पुढच्या ट्रकचा समजून काच वर केली. वास आणखी वाढला.

तसा वास आला तर बाजूला घ्या, न्यूट्रल करा, इंजिन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. एकदा आला म्हणून प्लेट गेली असं नाही. वरचेवर येत असेल तर मात्र पद्धत चुकते आहे.

टप्पा ९ : रिव्हर्स

टप्पा ३ उलट्या दिशेने, एवढंच. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. रेस नको, पट्ट्यात पाय ठेवून मुंगीची चाल, उजवा पाय ब्रेकवर तयार. नवशिके मागे बघायला वळतात तेव्हा कंबर फिरते आणि डावा पाय क्लचवरून निसटतो. म्हणून आधी वळा, नीट बसा, आणि मग क्लच हलवा.

झटका कुठे बसला?

निघताना एकच झटका आणि गाडी बंद: पॉइंटवर थांबला नाहीत. निघाल्यावर दोन-तीन सेकंदांनी बंद: थांबलात, पण वेग जुळायच्या आत सोडलात. निघाल्यावर गाडी घोड्यासारखी उड्या मारते: उजवा पाय झटक्यांबरोबर रेसवर नाचतोय. क्लच दाबा, दोन्ही पाय शांत, परत. बरं चाललेलं असताना अचानक रोज बंद पडायला लागली: गियर बघा. पहिल्याऐवजी तिसरा पडतोय. हे वाटतं त्यापेक्षा खूप वेळा होतं.

कधी चूक गाडीचीही असते

पॉइंट पेडलच्या अगदी वरच्या टोकाला आला असेल, चौथ्या-पाचव्यात रेस दिल्यावर सुई वर जाते पण वेग वाढत नाही, तर प्लेट झिजली आहे. क्लच तळापर्यंत दाबूनही पहिला किंवा रिव्हर्स टाकताना खर्रर्र होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी मॅट बघा, मग मेकॅनिक.

झिजेची साधी चाचणी: सपाट जागा, समोर कोणी नाही, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकही दाबलेला, तिसरा गियर, रेस नाही. क्लच सावकाश पूर्ण सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट धरते आहे. बंद न पडता चालूच राहिलं तर लगेच क्लच दाबा आणि गाडी गॅरेजला न्या. चाचणी एकदाच करायची, मजा म्हणून पुन्हा पुन्हा नाही.

सेकंडहँड गाडीवर शिकत असाल तर हे पहिल्या दिवशीच तपासा. झिजलेल्या क्लचवर शिकलेला पाय नव्या क्लचवर पंधरा दिवस चुकतो.

दुसऱ्याची गाडी हातात आली की

प्रत्येक गाडीचा पॉइंट वेगळा असतो. भावाच्या गाडीत तो तळापासून दोन बोटांवर, आपल्या गाडीत मधे, भाड्याच्या गाडीत कुठेही. गावाला गेल्यावर "दे चावी" म्हणून थेट रस्त्यावर निघू नका. सीट लावा, ब्रेक धरून टप्पा २ चार वेळा करा, आणि अंगणातच एकदा रेस न देता गाडी सरकवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मालक वैतागून बघत असतील तर बघू देत.